बोट बांधलं द्रौपदीनं, भरलं कोणी?

(अखंड हरिनाम सप्ताह, पाचव्या दिवसाचे कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले.)



बसा, बसा. पुढं सरका जरा, मागं आयाबाया उभ्या आहेत, त्यांना जागा होऊ द्या. लेकरांना पखवाजापासून लांब घ्या.

गेले चार दिवस या मंडपात नरदेहाचं निरूपण चाललं आहे. देह दुर्लभ आहे, क्षणभंगुर आहे, हरिभजनाचं साधन आहे, हे माझ्या आधीच्या महाराज मंडळींनी सांगितलं आणि फार चांगलं सांगितलं. मी आज त्याच देहाची एक साधी गोष्ट घेणार आहे. या पंधरवड्यात कोणाकोणाला काही लागलं? खुरप्यानं, विळ्यानं, विळीवर कांदा चिरताना? हात वर करा. बघा, निम्मा मंडप! आता ज्यांचं भरून आलं त्यांनी हात वर ठेवा. जवळजवळ तेवढेच राहिले. मग तिसरा प्रश्न. भरलं कोणी?

कोणी म्हणतं मलमानं. कोणी म्हणतं डॉक्टरांनी. या पुढच्या आजी म्हणतात, देवानं. आजी, उत्तर तुमचं बरोबर आहे. पण देवानं ते कसं केलं हे आज जरा बघू. नाहीतर काय होतं, ‘देवानं केलं’ म्हणून आपण मोकळे होतो आणि देवाच्याच कामात रोज आडकाठी घालत बसतो.

द्रौपदीची कथा तुम्हाला पाठ आहे. व्यासांच्या भारतात ती शोधायला जाऊ नका, ती लोकांनी तोंडातोंडी सांभाळलेली कथा आहे. भगवंताचं बोट कापलं. धार लागली रक्ताची. नारदमुनी चिंधी मागायला निघाले, आधी गेले सुभद्रेकडे. पाठची बहीण! तिनं पेटी उघडली. हा शालू? नको, हा लग्नातला. ही पैठणी? छे छे, ही परवाच आली. चिंधी काही सापडेना. मग नारद आले द्रौपदीकडे. मानलेली बहीण. तिनं केवढी चिंधी हवी हेसुद्धा विचारलं नाही. नेसत्या भरजरी पीतांबराचा पदर टर्रकन फाडला आणि बोट बांधलं.

आम्ही कीर्तनकार इथून लगेच कौरवसभेत उडी मारतो. एका चिंधीची परतफेड देवानं किती वस्त्रांनी केली, ते सांगतो. मी आज तिकडं जाणार नाही. मी बोटापाशीच थांबणार आहे. मला सांगा, पीतांबरानं बोट भरलं का? जरीनं कातडी जोडली का? द्रौपदीनं दोनच गोष्टी केल्या. दाबून धरलं आणि झाकलं. वेळेवर केलं, मनापासून केलं, ही तिची भक्ती. पण पुढचं काम त्या बोटानं केलं. भगवंतानं मनुष्यदेह घेतला तेव्हा त्या देहाची रीतही घेतली, असं मी समजतो.

फ्रान्स देशात आंब्रवाझ पारे म्हणून एक मोठे शस्त्रवैद्य होऊन गेले. त्या काळी बंदुकीची जखम विषारी समजत आणि तिच्यात उकळतं तेल ओतत. होय, उकळतं! १५३७ सालच्या लढाईत पारे तरुण होते. जखमी इतके आले की तेल संपलं. मग त्यांनी उरलेल्यांना अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा थंड लेप लावला. रात्रभर झोप नाही, की सकाळी ही माणसं मेलेली दिसतील. सकाळी बघतात तर लेपवाले शांत झोपलेले, आणि तेल ओतलेले तापानं, ठणक्यानं तळमळतायत. पुढं हा माणूस फ्रान्सच्या राजांचा शस्त्रवैद्य झाला, तरी म्हणायचा की मी नुसती पट्टी बांधतो, बरं करणारा देव. आपल्या आजींचंच उत्तर! पण ते त्याला रात्रभर जागून सापडलं होतं.

आता पट्टीखाली काय चालतं ते ऐका. बोट कापलं की तुटलेली रक्तवाहिनी आधी स्वतःच आकसते. रक्तात बारीक बिंबिका असतात. डेंग्यू झाला की दवाखान्यात ज्या मोजतात ना, त्या प्लेटलेट. एरवी त्या नुसत्या वाहत असतात. भोक दिसलं की तिथं जाऊन एकमेकींना चिकटतात. मग रक्तातूनच फायब्रिनचे धागे तयार होतात आणि त्यांचं जाळं विणलं जातं. ओढ्याचा बांध फुटला की आपण काय करतो? आधी दगड टाकतो, मग काट्याकुट्या, मग वरून चिखल. तसंच. साधी चिरी असेल तर पाच-दहा मिनिटांत बांध पक्का. तोच वरून वाळला की आपण त्याला खपली म्हणतो.

म्हणून रक्त आलं की स्वच्छ कापडानं दाबून धरायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघायचं नाही. आपली सवय काय? दाबलं, उचललं. थांबलं का? परत दाबलं. अहो, आत बांध घालणारे घालतायत, तुम्ही दर वेळी दगड उपसताय!

मग काही तासांत पांढऱ्या पेशी येतात. पहिली तुकडी जंतूंना गिळते आणि तिथंच मरते. पू म्हणतो तो बराचसा त्यांच्याच प्रेतांचा. दोन-तीन दिवसांत दुसरी, मोठ्या पेशींची तुकडी येते. ती मेलेलं सगळं झाडून काढते आणि पुढच्या गवंड्यांना बोलावते. याच दिवसांत जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. ही चार लक्षणं रोमच्या सेल्सस नावाच्या ग्रंथकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली. पहिल्या दोन-तीन दिवसांतली थोडी लाली, थोडी सूज म्हणजे काम चालू आहे. पण त्यानंतर ती उतरायच्या ऐवजी वाढू लागली, ताप आला, लाल रेघ वर चढू लागली, की घरी बसायचं नाही.

आणि मग तळातून लाल दाणेदार मांस वर येतं. आपले वैद्य त्याला मांसांकुर म्हणतात. अंकुर! किती नेमका शब्द आहे बघा. त्यात केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, म्हणून ते लाल. त्यात कोलॅजन नावाचा चिवट धागा विणला जातो. सुश्रुताचार्यांनी जखमेवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. धुणं, बांधणं, मध-तूप लावणं. पण अंकुराचं काय? तो फोडायचा नसतोच, तो फुटतो.

वरून कातडी कशी येते? कडेच्या पेशी सरकत सरकत आत येतात, खपलीच्या खालून, ओलाव्यातून. अलीकडच्या काठावरून एक रांग निघते, पलीकडच्या काठावरून दुसरी. मधे भेटल्या, एकमेकींना लागल्या, की थांबतात. भरतभेट झाली, आता पुढं जायचं कारण नाही! थांबायचं कळणं हे काय थोडं आहे का महाराज? ज्या पेशींना ते कळेनासं होतं त्यांचं काय होतं, ते कॅन्सरच्या घरात विचारा.

(येथे ‘विठ्ठल विठ्ठल’ गजर)

आपल्या पुण्याजवळची गोष्ट आहे. टिपू सुलतानाशी लढाई चालली होती. कावसजी नावाचा एक मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा, टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिचारा नाकाविना हिंडला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या कारागिरानं त्याला नाक दिलं. मेणाचा साचा केला, तो कपाळावर पसरून रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि फिरवून नाकाच्या जागी बसवली. पण गंमत कशात आहे? दोन भुवयांच्या मधे कातडीची एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली. का? तर रक्त येत राहिलं पाहिजे. साधारण पंचविसाव्या दिवशी, नाक तिथं रुजल्यावर, ती पट्टी कापली. मुंबईच्या दोन इंग्रज सर्जननी हे डोळ्यांनी पाहिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं, आणि युरोपातले सर्जन त्यावरून नाक करायला शिकले.

त्या कारागिराचं नाव त्या मासिकात नाही. हाताची कला त्याची होती, त्याला माझा दंडवत. पण त्यालाही ठाऊक होतं की आपण कातडी कातडीजवळ ठेवायची, रक्ताची वाट मोकळी ठेवायची आणि पंचवीस दिवस वाट बघायची.

आणि आपण काय करतो? लागलं की चुना. चुना नसेल तर तंबाखूची चिमूट. गोठ्यात असलो तर शेण, रानात असलो तर माती. अहो, धनुर्वाताचे जंतू राहतात कुठं? मातीत आणि शेणात! वर्षानुवर्षं झोपून राहतात. खोल जखमेत, जिथं हवा पोचत नाही, तिथं जागे होतात. गाय पूज्य आहे, मीही रोज गाईला घास देतो, पण शेण अंगणात शोभतं, जखमेत नाही. हळदीबद्दल मला दर गावात विचारतात. हळद गुणी आहे. पण डब्यातली ती हळद, जिच्यात भाजीचा ओला चमचा गेला, मुंगी गेली, ती उघड्या मांसावर भरू नका. वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, साबण लावायचा तो जखमेच्या भोवती, आणि स्वच्छ कापडानं झाका. खोल असेल, गंजका खिळा असेल, तर त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

‘उघडी ठेव, वारा लागू दे, वाळू दे’, हेही आपल्याकडे ठरलेलं. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी सुमारे दुप्पट वेगानं येते. मघाशी सांगितलं ना, पेशी ओलाव्यातून सरकतात. वाळवंटात त्यांना खालून बोगदा खणत यावं लागतं.

आणखी एक ऐकतो मी, ‘आंबट खाऊ नको, जखम पिकेल.’ त्याच्यासाठी आता समुद्रावर चला. १७४० साली ॲन्सन नावाचा इंग्रज आरमारी अधिकारी जहाजं घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. महिनोन्‌महिने ताजं फळ नाही, भाजी नाही. खलाशांच्या हिरड्या सुजल्या, रक्त वाहायला लागलं, माणसं पटापट मेली. स्कर्व्ही म्हणतात त्या रोगाला. त्या जहाजावर एक म्हातारा सैनिक होता. तरुणपणी, पन्नास वर्षांपूर्वी, आयर्लंडातल्या बॉइन नदीवरच्या लढाईत जखमी झालेला. जखमा केव्हाच भरल्या होत्या. पन्नास वर्षं झाली हो! त्या जखमा पुन्हा उघडल्या. जशा काही कधी भरल्याच नव्हत्या.

अंगावर काटा येतो की नाही? मला पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. आपण समजतो, जखम भरली, विषय संपला. भिंत बांधली, गवंडी घरी गेला. तसं नाही बरं का. व्रण म्हणजे मातीची जमीन आहे, सारवत राहावी लागते. जुना धागा झिजतो, निघतो, नवा विणला जातो, आयुष्यभर. आणि तो धागा पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं, ते त्या जहाजावर नव्हतं. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं बारा आजारी खलाशी घेऊन दोन-दोनांना वेगवेगळं दिलं. ज्या दोघांना संत्री-लिंबं दिली ते आठवड्याच्या आत उठून उभे राहिले. तेव्हा आजीबाई, नातवाला लागलं तर लिंबू बंद करू नका. आवळा द्या, पेरू द्या. वरण, उसळ, शेंगदाणे, दूध द्या. गवंड्यांना उपाशी ठेवून घर उभं राहतं का?

आणि भरलेली जागा पहिल्यासारखी होत नाही, हेही ऐका. तीन आठवड्यांनी तिथं मूळच्या पाचव्या हिश्शाइतकीच ताकद आलेली असते. महिने जावे लागतात, तरी फार तर ऐंशी टक्के. म्हणून टाके काढले की दुसऱ्या दिवशी पोतं उचलायला जायचं नाही. भावकीतसुद्धा असंच असतं. बांधावरून दोघे भाऊ भांडले, पंचांनी मिटवलं, एका ताटात जेवले. आठ दिवसांत कोणीतरी ‘त्या वेळी तू असं बोलला होतास’ म्हणतो. अरे बाबा, ओली आहे अजून! समोर काही जण हसतायत, काही माना खाली घालतायत. असू द्या, मी कोणाकडे बघत नाही.

आता न भरणाऱ्या जखमेकडे येतो. आज मी मुख्यतः त्यासाठीच उभा आहे.

अश्वत्थाम्याची जखम तुम्हाला माहीत आहे. झोपलेली लेकरं मारली, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकलं. कपाळीचा मणी गेला, आणि शाप मिळाला तीन हजार वर्षं एकट्यानं भटकण्याचा. अजून तो जखमेवर घालायला तेल मागत हिंडतो, असं लोक म्हणतात. त्याच्या जखमेला शाप होता. तुमच्या-माझ्या जखमेला शाप नसतो, कारण असतं. रक्तात साखर वाढलेली असते. पायाकडे रक्त पोचत नसतं. तंबाखू-विडीनं रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. किंवा रोज त्याच जागेवर भार पडत असतो. दोन-तीन आठवडे होऊन जखम भरायला लागली नाही तर ‘कोणाची नजर लागली’ विचारू नका, ‘साखर किती’ ते विचारा.

साखर वाढून वाढून पायाच्या नसा बधिर होतात. दुखतच नाही. आणि न दुखणं हे सुख वाटतं! वेल्लोरला पॉल ब्रँड म्हणून डॉक्टर होते, कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करायचे. तेव्हा समज असा की या रोगात बोटं आपोआप झडतात. त्यांनी बारकाईनं पाहिलं. बोटं झडत नव्हती. दुखत नाही म्हणून माणूस निखारा उचलतो, खिळ्यावर चालतो, फोड आलेल्या पायानं तसाच भार देतो, आणि जखमेवर जखम होऊन बोट जातं. वेदना ही देणगी आहे, असं तो डॉक्टर आयुष्यभर सांगत राहिला. कुंतीमातेनं भगवंताजवळ संकटं मागितली, कारण संकटात तुझी आठवण राहते. मी म्हणतो, पायाची आठवण राहायलाही ठणका लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत एक तात्या होते. नाव-गाव सांगत नाही. तीस वर्षं न चुकता वारी. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि तात्यांनी एकदाही गाडीच्या पायरीला पाय लावला नव्हता. त्या वर्षी सासवडहून जेजुरीला पोचलो. संध्याकाळी राहुटीत आमच्या विणेकऱ्याला ताडपत्रीवर डाग दिसले. रक्ताचे. तात्यांच्या पावलांबरोबर चाललेले.

मी म्हटलं, “तात्या, पाय दाखवा.”

“काही नाही महाराज, चिखल असेल.”

चप्पल काढली तर आत बोराएवढा खडा. सकाळपासून! त्याच्यावर तात्या सोळा किलोमीटर चालले, नाचले, फुगडी घातली, आणि पत्ता नाही. तळव्याला रुपयाएवढं भोक. वैद्यकीय पथकातल्या मुलीनं साखर बघितली आणि सांगितलं, आजोबा, वारी थांबवा, आजच दवाखान्यात चला.

तात्या उठून उभे राहिले. “पांडुरंग बघून घेईल. पाय त्याच्यासाठीच झिजवलेत.”

सगळी दिंडी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “तात्या, पांडुरंगानं बघून घ्यायची सोय तुमच्या पायात आधीच करून ठेवली आहे. तो तीस वर्षं बघतोच आहे. आता तुम्ही त्या जखमेवर रोज वीस हजार पावलं टाकणार आणि वर त्यालाच सांगणार, भर म्हणून? तुम्ही उठलात तर तो भरील.”

तात्या रडले. मोठ्या माणसाचं रडणं बघवत नाही. रात्रभर बोलले नाहीत. पहाटे माझ्या हातात तुळशीची माळ दिली, म्हणाले, “एवढी पायरीला लावा.” आणि जीपमध्ये बसले. दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, वाल्हे-लोणंद करत पंढरपूर गाठलं असतं तर घोट्याखाली काही उरलं नसतं. त्यापुढचं वर्ष घरीच गेलं. तिसऱ्या वर्षी तात्या आले, खास मापाचे बूट घालून, थोडं अंतर पायी, बाकीचं दिंडीच्या ट्रकमधून. दर मुक्कामाला बसायचे, पिशवीतून आरसा काढायचे आणि तळवे बघायचे. पोरं हसायची. तात्या म्हणायचे, “दर्शन घेतोय.”

म्हणून आज आरती झाली की लगेच उठू नका. ज्यांना साखर आहे त्यांनी पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, उजेडात तळवे बघा. वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा, त्यात लाज नाही. अनवाणी शेतात जाऊ नका. चप्पल घालायच्या आधी ती झटका आणि आत हात फिरवून बघा. भोवरी, कुरूप घरी पात्यानं कापू नका. मंडपाच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीशेजारी, तालुक्याचे डॉक्टर आणि दोन ताई बसल्या आहेत. पैसे लागत नाहीत. आधी त्यांच्याकडे जा, मग पंगतीला या. वाढपी मंडळींना मी सांगून ठेवलंय, पंगत थांबेल.

टाळकरी, उभे राहा. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!